सातबाऱ्यावरचा कोरा रकाना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. माझ्या तिन्ही उताऱ्यांवर तो कोरा आहे, भावकीतल्या इतरांच्या उताऱ्यांवरही कोराच.

घरात मात्र गट नंबर कुणाच्या तोंडी नसतो. 'चिबडातलं पाणी अजून हटलं नाही', 'गुरं शेरीकडं गेलीत', 'खळवाडीतला कडबा आणायचाय' असंच आम्ही बोलतो. चिबड म्हणजे निचरा नसलेली, पाणी धरून ठेवणारी जमीन. शेरी म्हणजे कधीकाळी सरकारने स्वतःकडे राखलेली. खळवाडीत आता खळं नाही, पण गावाची मळणी कुठं व्हायची ते त्या नावाने कळतं.

आमच्या शेजारचा चिबडाचा तुकडा बाहेरच्या एकाने विकत घेतला. कागदावर नुसता गट नंबर. त्याने हौसेने डाळिंब लावलं आणि पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजली. माझे चुलते बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "आरं, रानाचं नाव तरी इचारायचं हुतंस." चुलते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओढ्यापलीकडच्या निम्म्या रानांची नावं आज त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येत नाहीत. ही नावं लिहून ठेवायची घाई मला त्यामुळेच वाटते.

1947 च्या कायद्याने तुकडे एकत्र करून गट पाडले गेले. ते सोयीचंच झालं, पण दोन-तीन रानं एका गटात गेली की त्यांची नावं कागदाबाहेर राहतात. इंग्लंडमध्ये 1923 साली स्थळनामांसाठी एक संस्था निघाली. ती परगण्यांमागून परगणे घेत गावांचीच नव्हे, शेतांचीही नावं व्युत्पत्तीसह छापत आली आहे. आपल्याकडे निदान ग्रामसभेने एक वही घालावी.

मात्र नावं कचेरीत बसून विचारू नयेत. म्हाताऱ्या माणसाला रानात न्यावं, तिथं त्याला आपोआप आठवतं. तो 'वढा' म्हणाला तर 'वढा'च लिहावं, 'ओढा' करू नये. बायकांना जरूर विचारावं. खुरपणीला त्याच बांधोबांध फिरलेल्या असतात. अर्थ ठाऊक नसेल तर जुळवत बसू नये. गावाच्या नावातलं 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग'वरून, म्हणजे थोरलं, एवढं साधं आहे. तरी त्याच्याही गोष्टी रचल्या जातात. गोष्ट लिहावी, पण सांगणाऱ्याच्या नावावर.

जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने 2020 मध्ये घेतला. तो योग्यच आहे, ती नावं पाटीवर नकोतच. पण कुणाला गावाबाहेर कुठं ठेवलं होतं, हे त्या वहीत राहिलं पाहिजे.

आपण आठवड्यातून एकदा वाचकांच्या रानांच्या नावांसाठी चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती. माझी नोंद सोबत धाडतो: चिबड. काळी जमीन, उतार ओढ्याकडे, दिवाळीपर्यंत पाय रुततो. सांगणारे, माझे चुलते.

आपला,
एक शेतकरी वाचक