दादास पत्र: रक्त दिसले की मूळव्याधच समजू नकोस

ग्लासगो

ती. दादास सादर नमस्कार,

तुझ्या शौचातून दोन महिन्यांपासून अधूनमधून रक्त पडते आणि इतवारीतल्या औषधाच्या दुकानातून आणलेले मूळव्याधीचे मलम तू लावतो आहेस, असे वहिनीकडून कळले. मोठ्या आतड्याचा कर्करोग हा गोऱ्यांचा आजार, असे तू तिला म्हणालास. त्यात थोडे तथ्य आहे. भारतात त्याचे प्रमाण ब्रिटनच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी आहे आणि नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोगच पुढे दिसतो; तंबाखू-सुपारीचा खर्रा पाहता त्याचे नवल नाही. पण प्रमाण कमी म्हणजे तुला धोका नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आपल्याकडच्या रुग्णांमध्ये तरुणांचा वाटा तुलनेने मोठा असतो, आणि गाठ पुष्कळदा गुदाशयातच, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाशी, मूळव्याधीच्या इतकी जवळ असते, की रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही बोटाने तपासणी न करताच मलमावर महिने घालवतात. शौचाच्या सवयीत झालेला बदल, चिकट आव, पोट साफ न झाल्याची सततची भावना, उगाच घटलेले हिमोग्लोबिन, यांतले काही जाणवत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. लाजू नकोस.

शिवाय बाबांना हाच आजार बावन्नाव्या वर्षी झाला होता. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत तो झाला असेल, तर चाळिशीपासून किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हापासून दुर्बिणीने तपासणी करावी, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस. लठ्ठपणा, दारू, धूम्रपान आणि बैठे काम यांनी धोका वाढतो. सावजीचे मटण रोज खात नाहीस, ते ठीक, पण सिगारेट मात्र सोडच.

इथे स्कॉटलंडमध्ये ५० ते ७४ वर्षांच्या लोकांना दर दोन वर्षांनी टपालाने एक छोटी नळी येते. तिच्या टोपणाच्या काडीने शौचाचा नमुना घेऊन परत धाडला, की त्यातले न दिसणारे रक्तही कळते. पण ही सोय लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. तुला रक्त दिसते आहे, म्हणून थेट कोलोनोस्कोपीच, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घे. बहुतेक गाठी आधी साध्या पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या छोट्या वाढी, असतात, त्यांचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात, आणि पॉलिप सापडला तर त्याच तपासणीत बहुधा काढताही येतो.

या आठवड्यातच पोटाच्या तज्ज्ञाकडे जा आणि बाबांचे जुने कागद सोबत ने. तारीख ठरली की वहिनीला मला कळवायला सांग.

तुझी धाकटी बहीण