आखणी पक्की होण्याआधी ग्रामसभेला विचारा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली यांस

सविनय नमस्कार.

राष्ट्रीय महामार्गाची आखणी ठरवताना गावाचे म्हणणे नेमके कोणत्या टप्प्यावर ऐकले जावे, एवढ्याच प्रश्नापुरते हे पत्र आहे. गोव्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. पणजी-बेळगाव महामार्ग ७४८ च्या चौपदरीकरणात फोंडा तालुक्यातील भोमचे ग्रामस्थ रस्ता गावाबाहेरून न्या, असे सांगत राहिले. मडगावच्या पश्चिम बगलमार्गाच्या वेळी सुरावली-बाणावली भागातील लोकांनी सखल शेतांत मातीचा भराव न घालता रस्ता खांबांवरून न्यावा, अशी मागणी लावून धरली. या मागण्या रस्ता कुठून आणि कसा जावा याबद्दलच्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्या निवेदने, मोर्चे आणि ठिय्या यांच्या वाटेने मांडाव्या लागल्या, कारण कायद्याने त्यांना दुसरी वाट ठेवलेली नाही.

ही वाट का नाही, हे पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. त्यात १९९७ साली भूसंपादनाची कलमे घातली गेली. कलम ३ए खाली राजपत्रात अधिसूचना निघते, तिचा सारांश दोन वृत्तपत्रांत छापला जातो आणि ३सी नुसार २१ दिवसांत हरकत घेता येते. मात्र ती कोणी घ्यावी? ‘जमिनीत हितसंबंध असलेल्या’ व्यक्तीने. ज्याची जमीन जाते तो बोलू शकतो. पण ज्याची जमीन जात नाही, मात्र शेजारच्या भरावामुळे पावसाळाभर पाण्याखाली राहणार आहे, तो या व्याख्येत सहज बसत नाही. ग्रामपंचायत तर गाव म्हणून कुठेच बसत नाही. सक्षम अधिकाऱ्याने हरकत फेटाळली की तो आदेश अंतिम, आणि ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. शिवाय अधिसूचना निघते तेव्हा सर्व्हे क्रमांक ठरलेले असतात, म्हणजेच आखणी झालेली असते. न्यायालयात जावे तर मंगळूरकडच्या महामार्ग रुंदीकरणाच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे की आखणीची योग्यता ठरवण्याचे तज्ज्ञत्व न्यायालयांकडे नाही. ते म्हणणे मला पटते. पण मग तो विचार आधीच्या एखाद्या टप्प्यावर, गावाच्या समक्ष, व्हायला हवा.

तो टप्पा दोन कायद्यांत होता, आणि दोन्हीकडे महामार्गांना सूट मिळाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आले, त्यात पंचायतीशी सल्लामसलत आणि जनसुनावणी आली. पण राष्ट्रीय महामार्ग कायदा त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून या अटींतून बाहेर ठेवला गेला. वाढीव मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांना लागू झाल्या, ही चांगलीच गोष्ट. सल्लामसलत मात्र बाहेरच राहिली. दुसरीकडे, पर्यावरणीय मंजुरीच्या नियमांत २०१३ साली बदल होऊन १०० किलोमीटरपर्यंतच्या महामार्ग विस्ताराला ती मंजुरी लागेनाशी झाली आणि तिच्याबरोबर जनसुनावणीही गेली. मंत्रिमहोदय, आमचे राज्य उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर लांब आहे. राजस्थानात किंवा मध्य प्रदेशात १०० किलोमीटर हा एक तुकडा असेल. इथे तेवढ्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे राज्य संपते, आणि कामे तर त्याहून छोट्या टप्प्यांत निघतात.

आता दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक गावाला नकाराधिकार द्यावा, असे माझे म्हणणे नाही. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत जाणारा महामार्ग ६६ सिंधुदुर्गाचा आणि कारवारचाही आहे, आणि आपल्या गावातून टळलेला रस्ता शेजारच्या गावाच्या माथी मारण्याचा मोह कोणत्याही ग्रामसभेला होऊ शकतो. झुआरीवरचा नवा आठपदरी पूल पंचायतींच्या ठरावांनी उभा राहिला नसता. महामार्गाच्या कडेला दुकाने आणि इमारती खेटून उभ्या राहू देणाऱ्या परवान्यांवर पंचायतींचेच शिक्के असतात, आणि रुंदीकरणाची वेळ आली की त्याच परवान्यांमुळे गाव अडचणीत येते, हेही इथे सगळे जाणतात. वाहतुकीचे प्रमाण, पुलाची क्षमता, वळणाची त्रिज्या हा अभियंत्यांचा प्रांत आहे आणि तो त्यांच्याकडेच असावा.

पण पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे गावाला माहीत असते. गोव्याच्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीखाली आहेत; त्या टिकतात त्या बांधांवर आणि मानशींवर, म्हणजे भरती-ओहोटीनुसार उघडझाप करणाऱ्या दारांवर. अशा शेतातून मातीचा भराव घातला की तो आडवा बांधच होतो, आणि त्याखाली किती मोऱ्या ठेवल्या, कुठे ठेवल्या, यावर दोन्ही बाजूंच्या शेतांचे भवितव्य ठरते. एप्रिलमध्ये सर्वेक्षण करणाऱ्या सल्लागाराला ते शेत कोरडे दिसते; जुलैत तिथे गुडघाभर पाणी असते. हे पाणी ग्रामसभेत अर्ध्या तासात समजते. बगलमार्ग कसा असू शकतो याचे उदाहरणही आमच्याकडे आहे: काणकोणचा २०१९ साली खुला झालेला बगलमार्ग तळपण आणि गालजीबाग नद्यांवर पूल बांधून जातो, आणि लांब पल्ल्याच्या वाहनांना काणकोणच्या चावडी बाजारात शिरावे लागत नाही.

आपण भाषणांत अमेरिकेच्या रस्त्यांचा दाखला अनेकदा देता. त्याच देशाने १९६२ च्या महामार्ग कायद्यात असे ठरवले की ५० हजारांहून अधिक वस्तीच्या शहरी भागात केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्य आणि स्थानिक संस्था यांनी मिळून चालवलेल्या नियोजन प्रक्रियेतून प्रकल्प आला पाहिजे. तिथेही शहरे आणि प्रादेशिक मंडळे यांची भांडणे संपलेली नाहीत. पण ती भांडणे आराखड्याच्या टेबलावर होतात.

आमच्याकडे टेबल कागदावर आहे. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, बाकीचे रस्ते राज्यसूचीच्या १३ व्या नोंदीत, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत, योगायोगाने तिथेही १३ व्याच नोंदीत, पंचायतींकडे सोपवण्याजोग्या विषयांत रस्ते, पूल आणि फेरी आहेत. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत आणि नगरपालिकांतून निवडून यावेत, असे घटना सांगते. पण महामार्गाची आखणी तिच्यापुढे ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही. परिणामी ग्रामस्थ राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा) गेले की तिथून ‘हा केंद्राचा प्रकल्प’ असे उत्तर येते आणि केंद्राकडे पाहिले तर प्रस्ताव राज्याकडून आलेला असतो.

म्हणून विनंती एवढीच आहे, आणि तिच्यासाठी संसदेत जावे लागेल असे मला वाटत नाही. आपल्या मंत्रालयाचे परिपत्रक पुरेल. सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होत असताना, म्हणजे ३ए ची अधिसूचना निघण्याच्या किमान दोन महिने आधी, आखणीचे सर्व पर्याय मराठी आणि कोकणीत, घरे, देवळे, चर्च, विहिरी, ओहोळ आणि मानशी दाखवणाऱ्या नकाशांसह प्रत्येक बाधित पंचायतीच्या ग्रामसभेपुढे ठेवावेत. ठरावाला लेखी, सकारण उत्तर द्यावे आणि दोन्ही कागद अहवालाला जोडूनच तो दिल्लीला यावा. दोन गावांच्या ठरावांत विरोध असेल तर जिल्हा नियोजन समितीने आपले मत नोंदवावे. अंतिम निर्णय आपल्याकडेच राहील. गोव्यातून आपल्या मंत्रालयाकडे जो पुढचा प्रस्ताव येईल, त्याच्यासोबत हे कागद आहेत का, हे आपण विचारावे.

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातील एक नागरिक