अरुणाचलातल्या सियांग नदीकाठच्या गावबुढा काकांना

काका, नमस्कार.

उजवा हात अजून गळ्यात आहे, डाव्या हाताने टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नका. काकांना मराठी येत नाही, त्यांना मी फोनवर हिंदीत वाचून दाखवीन, पण चार मराठी लोकांनाही हे कळावं म्हणून इथे लिहितेय.

मी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी बोट, शिकले कोलाडला, कुंडलिकेवर. तिथलं पाणी मुळशी धरणातलं, भिऱ्याच्या पॉवरहाऊसमधून सकाळी सुटतं आणि ठरल्या वेळी ओसरतं. सियांगला असलं टाइमटेबल नाही. तिबेटातून नामचा बारवा शिखराला वळसा मारून ती गेलिंगपाशी अरुणाचलात उतरते, आसामात दिबांग-लोहित मिळाल्या की ब्रह्मपुत्रा होते. थंडीत पाणी कमी म्हणून आम्ही तेव्हाच जातो, आणि ते कमी पाणीसुद्धा असं की लाटेच्या खड्ड्यात बोट गेली की पुढचा मित्र दिसेनासा होतो. तुतिंग गावाच्या खाली असल्याच एका लाटेने पॅडल मागे खेचलं आणि खांदा निखळला, एका हाताने रोल, म्हणजे उलटलेली बोट आतूनच सरळ करणं, काही जमेना, स्कर्ट (बसायच्या जागेवरचं झाकण) ओढून बाहेर पडले, मित्रांनी काठाला आणलं. रॅपिडवाल्यांना, म्हणजे खळाळत्या पाण्यात बोटी घालणाऱ्यांना, हे नवीन नाही, सोडा.

ज्यांना ट्रिपचे पैसे मोजले होते त्यांची गाडी वरच्या रस्त्याने सोबत राहणार होती, फर्स्ट एडचा माणूसही असणार होता. गाडी नाही, माणूस नाही, फोन बंद. नंतर तुमच्या गावात रेंज आल्यावर विम्याच्या हेल्पलाइनला लावला तर तिथली बाई विचारते, मॅडम घटना कुठल्या रोडवर घडली, जवळचा पिनकोड सांगा. नदीला पिनकोड असतो का हो काका?

तुम्ही मात्र कुणी न बोलावता दाव (तिकडचा लांब कोयता) घेऊन, बांबू तोडत खाली आलात. आपल्याकडे पाटील तसे तिकडे गावबुढा, सरकारी लाल कोट वगैरे, पण तुम्ही गमबूट आणि फाटक्या स्वेटरमध्ये. गावापर्यंतची वाट एका पायापुरती, ओला पाला, डाव्या हाताला सरळ नदी. आणि तुम्ही सगळा चढ माझ्या दरीच्या बाजूने चाललात, जिथे वाटच नव्हती तिथून. मला धरलं नाहीत, ओढलं नाहीत, नुसता तळहात माझ्या कोपराखाली, न टेकवता. वाट उलटी वळली की तुम्ही गुपचूप बाजू बदलायचात. हे माझ्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर लक्षात आलं आणि तेव्हा मात्र रडू आलं, खांदा निखळला तेव्हा नव्हतं आलं.

वर तुम्हीच मला गप्पांत गुंतवलंत, 2000 च्या जूनमध्ये तिबेटात यीगाँगला दरड कोसळून साचलेलं पाणी फुटलं आणि खालचे झुलते पूल कसे वाहून गेले ते सांगत. नदीने एवढं नेलेला माणूस, त्याने मला "इथे मरायला कशाला येता" म्हणायला हरकत नव्हती. इकडे घरी आल्यापासून तेच ऐकतेय, आणि तेही ज्यांनी आयुष्यात पंचगंगा पुलावरूनच पाहिली त्यांच्याकडून. तुम्ही विचारलंत ते एवढंच, की वरचा रॅपिड डावीकडून घेतला का उजवीकडून. चांगली माणसं आधी मदत करतात, चौकशा मागून, आणि अशी माणसं मला बहुतेक वेळा रस्ता संपतो त्याच्या पुढेच भेटली आहेत, का ते देव जाणे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पुढच्या थंडीत दोन थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोराच्या पिशव्या) आणतेय, दोर कसा फेकायचा ते गावातल्या पोरांना शिकवते, डॉक्टरने हो म्हटलं तर. तोवर बोट तुमच्या घराखालीच राहू दे, कोंबड्या अंडी घालत असतील तर घालू द्या, फक्त डुकरांना सीट खाऊ देऊ नका.

तुमची,
कोलाडवाली