३.९ चा हट्ट सोडवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू द्या, टेंपरेचर किती दाखवतंय?" असं म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय कुणी रात्री दोन वाजता बायोसच्या (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनसमोर डोकं धरून बसलं असेल, तर त्यालाही तुमची रीत कळेल.

संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायच्या (ओव्हरक्लॉकच्या) नादात मी तुम्हाला पहिला फोन केला; तेव्हा काय बोललो ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं. "रायझन ३ १२०० आहे, ३.९ गिगाहर्ट्झला नेलाय, १.३५ व्होल्ट दिलंय, तरी बंद पडतोय. १.४ करू का?" मला फक्त 'हो' ऐकायचं होतं. तुम्ही विचारलंत, "सगळं नीट चालत होतं, त्यानंतर काय काय बदललंत?" मी म्हटलं, मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा आकडा. तुम्ही गप्प. ती शांतता मला झेपेना आणि एकेक बाहेर पडत गेलं: रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (खोक्यावर छापलेल्या वेगाची तयार सेटिंग) चालू केलं, ३२०० वर. कूलर बदलला. लोडलाइन कॅलिब्रेशनची (भाराखाली व्होल्टेज सावरणाऱ्या सेटिंगची) लेव्हल बदलली. "एकाच संध्याकाळी?" एकाच संध्याकाळी.

तुम्ही रागावला नाहीत. एक वही घ्यायला लावलीत.

खरं तर हा प्रोसेसर २०१७ चा, चार कोअरचा, साधासुधा. मुळात ३.१ गिगाहर्ट्झ, बूस्टला ३.४. पण रायझनमध्ये मल्टिप्लायर उघडाच असतो. ए३२० चिपसेटचा मदरबोर्ड असता तर त्याला हात लावता आला नसता आणि मी सुखात राहिलो असतो. माझा निघाला बी३५०. सोय दिसली की हात शिवशिवतातच.

पहिल्या रात्री तुम्ही मला उलटीकडून चालायला लावलंत. मल्टिप्लायर, व्होल्टेज सगळं ऑटोवर. फक्त रॅम ३२०० वर राहू द्यायची. मला ते बिनकामाचं वाटलं होतं, कारण आजारी तर प्रोसेसर होता! मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन पेनड्राइव्हवरून चालू केलं आणि पाचव्या मिनिटाला स्क्रीनवर लाल ओळी. म्हणजे ओव्हरक्लॉक नसतानाही मशीन आजारीच होतं. आठवडाभर मी ज्याला व्होल्टेज पाजत होतो, त्या बिचाऱ्या कोअरचा त्यात निम्माच दोष होता. पहिल्या पिढीच्या रायझनचा मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे २६६७ पर्यंतचा. रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलंय म्हणून तो तेवढा धावेलच असं नाही, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. निळ्या स्क्रीनवर कधी 'मेमरी मॅनेजमेंट' तर कधी 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' असं का यायचं, हेही तेव्हाच उलगडलं. मी ती अक्षरं कधी वाचलीच नव्हती. निळा रंग दिसला की बटण दाबायचो.

मग दुसरी रात्र, काळ्या स्क्रीनची. रॅम २९३३ वर आणली, सेव्ह केलं, आणि काहीच नाही. पंखे फिरतायत, स्क्रीन अंधारी. बोर्ड आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई आणि मी घाबरून दर वेळी वीज तोडत होतो. तुम्ही म्हणालात, "त्याला त्याचं करू द्या, तो रॅमशी जुळवून घेतोय." बोर्ड दोन-चारदा स्वतः प्रयत्न करतो आणि नाही जमलं तर मूळ सेटिंगवर परततो, मी त्याला तेवढी उसंतच देत नव्हतो. माझ्या धसमुसळेपणामुळे शेवटी सीमॉस क्लिअर करावंच लागलं, म्हणजे बायोसच्या जपलेल्या सेटिंग पुसाव्या लागल्या. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून धरा म्हणजे साठलेली वीज निघून जाईल, मग जंपरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोडा. माझा हात थरथरत होता आणि तुम्ही पलीकडून आकडे मोजत होतात. मोजायची गरज नव्हती. मला धीर यावा म्हणून मोजत होतात, हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या खेपेला मी हातावर हात ठेवून बसलो. तिसऱ्या प्रयत्नाला स्क्रीन उजळली. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.१ च्या आसपास ठेवलं आणि मेमटेस्ट रात्रभर बिनचूक चाललं. रॅमचा विषय मिटला. मगच कोअर.

इथे मात्र मला मजा यायला लागली. प्राइम९५ या प्रोसेसरला दमवणाऱ्या प्रोग्रॅममधली स्मॉल एफएफटी चाचणी प्रोसेसरच्या आतल्या कॅश मेमरीतच मावते, रॅमला फारसा हात लावत नाही. त्यामुळे आता पडलं तर दोष कोअरकडचाच, हा हिशेब मला फार आवडला. ३.९ ला चार मिनिटांत चाचणीचा एक वर्कर (एका कोअरवरचं काम) थांबला. तुम्ही म्हणालात, बायोसमध्ये काय भरलंत ते नको, भार असताना किती पोहोचतंय ते वाचा. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'एसव्हीआय२ टीएफएन' या ओळीत १.२८ दिसत होतं. मी दिले १.३५, पोहोचत होते १.२८! भार आला की व्होल्टेज खाली बसतं, आणि ते सावरायला असते लोडलाइन कॅलिब्रेशन. मी ती लेव्हल पाचवर ठेवली होती, मोठा आकडा म्हणजे मोठी मदत अशा समजुतीत. माझ्या बोर्डावर एक म्हणजे सर्वांत जोरकस आणि पाच म्हणजे जवळपास काहीच नाही. दुसऱ्या काही कंपन्यांच्या बोर्डांवर नेमकं उलटं असतं. कुठेतरी वाचलेला सल्ला वेगळ्याच बोर्डाचा होता.

तेव्हाही मी थेट एकवर उडी मारायला निघालो होतो. "तीन," तुम्ही म्हणालात. "भार उतरला की व्होल्टेज वर उसळतं, ते दिसत नाही म्हणून नसतं असं समजू नका."

आणि तो वीस मिनिटांनी येणारा झटका! प्रोसेसर जेमतेम ७० अंशांवर, तरी त्याचा वेग एकदम कोसळायचा. मी सेन्सरलाच शिव्या घालत होतो. तुम्ही विचारलंत, "नवा कूलर उभा आहे का?" उभाच होता, टॉवर. प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा हवा खाली बोर्डावर फेकायचा, त्या वाऱ्यात सॉकेटशेजारचे व्हीआरएमचे मॉस्फेट (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) आयतेच गार व्हायचे. त्यांच्यावर माझ्या बोर्डात हीटसिंकच नाही. चांगला कूलर लावून मी त्यांचा वारा काढून घेतला होता! केसमधला एक रिकामा पंखा त्यांच्याकडे वळवला आणि झटके थांबले. फोनवरून, बोर्ड न बघता तुम्हाला हे कसं सुचलं, मला अजून कळलेलं नाही.

शेवटचा वाद ३.९ चा. तुमच्या पद्धतीने ३.८ ला १.३२५ व्होल्टवर मशीन तासन्‌तास टिकलं. ३.९ ला १.४२५ शिवाय भागेना. मी तयार होतो. तुम्ही वहीत गणित मांडायला लावलंत: उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. उत्तर आलं ते असं, की वेग अडीच टक्क्यांच्या आसपास वाढणार आणि उष्णता जवळजवळ १९ टक्क्यांनी. तुम्ही 'नको' म्हणाला नाहीत. "आकडे तुमच्यासमोर आहेत," एवढंच. 'नको' म्हणाला असतात तर मी नक्की केलं असतं.

या सगळ्याला चार रात्री गेल्या. तुमची नोकरी, तुमचं घर, त्यात माझ्यासारख्या अर्धवट ओळखीच्या माणसाचे फोन. एकदा मागून तुमच्या मुलीचा आवाज आला, "आई, अजून तोच दादा का?" तोच दादा, हो. तिलाही धन्यवाद सांगा आणि माझ्या वतीने माफीही मागा.

बायोसमध्ये सेटिंग जपून ठेवायच्या जागा असतात. पहिल्या जागेला मी 'ताई' नाव दिलंय, त्यात ३.८, १.३२५, रॅम २९३३, लेव्हल तीन. दुसरीत ३.९ ठेवलंय. ते मी अजून उघडलेलं नाही.

म्हणजे, एकदाच उघडलं. वहीत नोंद आहे.

तुमचा,
वहीवाला