माझ्या आईच्या पायाखाली स्टूल सरकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही, पण हे वाचलंत तर लगेच ओळखाल.

आईची बीपीची गोळी वाढतच चालली होती आणि जोडीला चक्कर. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरूनच चालायची. आम्ही सांगायचो तर उत्तर ठरलेलं, बीपी एवढं हाय आहे मग चक्कर येणारच की. आकडा तर १७० च्या खाली यायलाच तयार नाही. आणि तो आकडा घ्यायचे कसा? आई जिना चढून आलेली, अजून धाप लागलेली, तिला तशीच उंच टेबलावर बसवायचे, पाय लोंबकळतायत, पाठीला टेकू नाही, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा आणि हवा भरता भरता प्रश्न, मीठ कमी केलंत का, गोळ्या वेळेवर घेता का. ती बिचारी घाबरून उत्तरं देतेय आणि तिकडे आकडा चढतोय. वर बोलणी पण तिलाच, पथ्य पाळत नाही म्हणून. आजही आठवलं की राग येतो मला.

तुम्ही मशीनला हातच लावला नाहीत आधी. आईची उंची कमी, साध्या खुर्चीतही तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ते तुम्ही बघितलंत, कोपऱ्यातलं स्टूल ओढलंत आणि खाली वाकून तिच्या पावलांखाली सरकवलंत. बस एवढंच, काही बोलला पण नाहीत. पावलं टेकली तशी आईची पाठ मागे टेकली आणि ताठरलेले खांदे एकदम सैल झाले, मी समोरच उभी होते, मला ते दिसलं. इतक्या दवाखान्यांत इतक्या जणांनी तिला तपासलं पण तिच्या पायांकडे कुणी बघितलं नव्हतं हो. मला तिथेच रडू आलं, ते तुम्ही बघितलंत आणि न बघितल्यासारखं केलंत, त्याबद्दलही थँक्यू.

मग म्हणालात, आजी, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, मी पण नाही. आणि खरंच गप्प बसलात, बाहेर रांग असताना. नंतर दंडावरची बाही नीट काढलीत, हाताखाली चादरीची घडी ठेवून दंड छातीच्या लेव्हलला आणलात. हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली राहिला तरी आकडा ७-८ ने जास्त दिसतो हे तुमच्याकडूनच कळलं. आणि कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा तो पट्टा! आईचा दंड जाड आहे, त्यावर नेहमीचा छोटा कफ लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून तुम्ही आतून मोठा कफ शोधून आणलात. कफच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराला साधारण ८० टक्के तरी वेढायला हवी म्हणालात. हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावलात ते तर मी विसरूच शकत नाही. हवा हळूहळू सोडत होतात, आधी काहीच नाही, मग टक टक सुरू झालं, तो वरचा आकडा. ऐकू यायचं बंद झालं तो खालचा. म्हणजे हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब आणि सैल पडतं तेव्हाचा, एवढं सोपं. मी घरी येऊन वाचलं, हे आवाज ऐकून बीपी मोजायची पद्धत कोरोटकॉफ नावाच्या रशियन सर्जनने १९०५ मध्ये सांगितली. मला मात्र तो आवाज माझ्या आईच्या हातातून ऐकायला मिळाला.

थोडं थांबून परत एकदा मोजलंत, सरासरी १४० च्या आत. मग तिला हात धरून उभं केलंत आणि लगेच परत मोजलंत, वरचा आकडा २५ ने खाली! उभं राहिल्यावर २० किंवा जास्त उतरला तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं म्हणालात आणि बसून किती, उभं राहून किती, दोन्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत. डॉक्टरांनी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला लावलं, तिथेही आकडे ठीकच आले आणि मग त्यांनी गोळी कमी केली. आता आई भिंत न धरता चालते. पडली असती तर काय झालं असतं, या वयात खुब्याचं हाड मोडणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दिवशी तुम्हालाही घाई असणार, ड्युटी संपत आली असणार, घरची कामं असणार. समोरच्या म्हाताऱ्या बाईला नीट बसवलं नसतंत तरी कुणी तुम्हाला विचारलं नसतं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं, हे मला अगदी मनापासून वाटतं.

घरी आई आता बीपी घ्यायच्या अर्धा तास आधी चहा घेत नाही, बाथरूमला जाऊन येते आणि कफ लावला की मलाच दटावते, बोलू नकोस, सिस्टरांनी सांगितलंय. पुढच्या तपासणीला तुम्हीच असाल ना असं सारखं विचारतेय, तेवढं जमलं तर बघा. खूप खूप आभार सिस्टर.