शिकंज्याच्या मापांसाठी, काकाजी, आभार

काकाजी, राम राम.

हे पत्र तुम्हाला आहे, पण उघडं लिहितो आहोत. तुम्ही जे दिलं ते एकाच भट्टीपुरतं राहू नये म्हणून.

बोल्टाची डोकी घडवायचा शिकंजा तुम्ही उभा करून दिला, त्याचे आभार आहेतच. त्याहून जास्त आभार मापांचे. शिकंजा नुसता पाहून कोणीही त्याची नक्कल करतो: दोन जबडे, भोवती एक कडं, एक पाचर, झालं. मग तापला गज त्यात घालून घण मारला की गज खाली सरकतो, डोकं वाकडं बसतं आणि दोष लोखंडाला जातो. चूक कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. ते तुम्ही हातचं राखून ठेवलं नाही. म्हणून आभारासोबत मापंही लिहितो. कुठे चुकलं असेल तर कान धरा.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते नव्या माणसासाठी. मृग लागायच्या आत वखर, डवरे, बंड्या (बैलगाड्या) दुरुस्त व्हायला हव्यात. लाकडात जाणारा बोल्ट नऊ इंच, साडेदहा इंच असा लागतो आणि त्याचं डोकं चौकोनी लागतं, कारण चौकोन लाकडात रुतून बसतो आणि नट आवळताना सोबत फिरत नाही. तालुक्याच्या दुकानात या लांबीचा मिळाला तर षटकोनी डोक्याचा मिळतो. दुसरी भानगड सुतीची. जुन्या बंडीचं लोखंड पाच सुती, म्हणजे ५/८ इंची. ते १५.९ मिमी भरतं, म्हणून सगळे त्याला १६ मिमीच समजतात. पण जुने आटे व्हिटवर्थ या इंग्रजी इंची पद्धतीचे, १८४१ सालच्या मापाचे: इंचाला ११ आटे, कोन ५५ अंश. १६ मिमीच्या आजच्या बोल्टाला दर २ मिमीला एक आटा, कोन ६० अंश. नट एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केला की दोन्हीचे आटे गेले. तुम्ही जुना नट हातात आला की आधी इंचावर आटे मोजता. आता आम्हीही मोजतो.

आता शिकंजा. जबडे ईएन ८ चे, म्हणजे साध्या लोखंडाहून कठीण पोलादाचे, ५० मिमी चौकोनी बारचे दोन तुकडे, प्रत्येकी ६५ मिमी उंच. १६ च्या गजाला इतकी उंची म्हणजे जाडीच्या चौपट पकड. त्यापेक्षा कमी ठेवली तर पहिल्या जोरकस घावाला गज निसटतो. एक जबडा १६ मिमी जाड पाट्याला वेल्ड केलेला, दुसरा सरकता. मागून गाडीच्या जुन्या कमानपट्टीचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) पातळ केलेला यू, पाचर काढली की जबडे आपोआप उघडतात. दोन्हींभोवती २० मिमी चौकोनी बारचं बंद कडं, तेही पाट्याला वेल्ड. कडं आणि सरकता जबडा यांच्यामध्ये पाचर: १५० मिमी लांब, एका टोकाला २५ मिमी, दुसऱ्याला १०. म्हणजे दहाला एक उतार. याहून तीव्र उतार दिला तर घणाच्या हादऱ्याने पाचर उडून बाहेर येते. याहून सपाट केली तर ती बसते छान, पण निघत नाही. दहाला एकची पाचर ठोकली की थांबते आणि बारीक टोकाकडून एक ठोका दिला की सुटते.

भोकाची गंमत इथे आहे. दोन्ही जबडे एकमेकांना भिडवून १६ चं भोक पाडलं तर गज त्यात सैल बसतो. जबडे एकमेकांवरच आवळले जातात, गजावर नाही. तुम्ही मध्ये १ मिमीचा पत्रा ठेवून, दोन्ही बाहेरून क्लॅम्पने आवळून, आधी ६, मग १०, मग १६ असं भोक पाडायला लावलं. पत्रा काढला की भोक एका बाजूने १६ आणि दुसऱ्या बाजूने १५ उरतं. गज आत गेला की जबड्यांत जवळपास १ मिमी फट राहते आणि पाचरेचा सगळा दाब गजावर येतो. ही फट हवीच. पण २-३ मिमी झाली तर घणाखाली तापलं लोखंड तिच्यात शिरतं आणि डोक्याच्या खाली दोन बाजूंना पातळ पदर येतो. तो कानसीने काढला नाही तर वायसर (वॉशर) सपाट बसत नाही. पदर जाड यायला लागला म्हणजे भोक झिजलं. पदर हेच मोजमाप, वेगळं काही लागत नाही.

भोकाची वरची कड मात्र धारदार ठेवायची नाही. १ ते १.५ मिमी गोलाई द्यायची. ती दिली नाही तर डोकं आणि दांडा यांच्या सांध्यात कोरीव खाच तयार होते आणि बोल्ट तुटतो तो नेमका तिथून. तुटलेले जुने बोल्ट गोळा करून पाहा, बहुतेकांचं डोकं कापल्यासारखं निघालेलं असतं.

दुसरी न दिसणारी गोष्ट खालचा टेका. पाट्याला भोक, पाटा चार अँगलच्या पायांवर, आणि खाली दुसऱ्या पाट्यात वेल्ड केलेल्या नटातून वर येणारा २० मिमीचा बोल्ट. तो फिरवून टेका वर-खाली होतो. गजाचं खालचं टोक त्यावर टेकलं पाहिजे. नुसत्या पाचरेच्या भरवशावर गज थांबत नाही. घणाचा मार गजातून सरळ टेक्यावर जातो, जबड्यांचं काम गजाला ताठ धरायचं. शिवाय टेका एकदा बसवला की पुढचे सगळे बोल्ट एकाच लांबीचे निघतात, दरवेळी मोजायला नको. टेक्यावर आदळून गजाचं ते टोक थोडं फुगतं. आटे पाडायच्या आधी ते घासून निमुळतं करायचं, नाहीतर डाय, म्हणजे आटे पाडायची दातेरी चकती, चढत नाही.

वर किती गज सोडायचा, हा प्रश्न सगळ्यांचा. यात अंदाज चालत नाही, साधा गुणाकार आहे. १६ च्या बोल्टाचं चौकोनी डोकं २४ बाय २४ आणि १० मिमी उंच: ५७६० घन मिमी. गजाचा छेद २०१ चौरस मिमी. भागिले की २८.६ येतात. पोपडे (तापल्या लोखंडावरची सुटणारी काळी खपली) आणि पदर यांत थोडं जातं, म्हणून ३२ मिमी सोडायचे. तेवढ्याच मापाच्या (समोरासमोर २४, उंच १०) षटकोनी डोक्याला २५ येतात, २८ सोडायचे. १२ मिमीच्या बोल्टाला १९ मिमीचं षटकोनी, ८ मिमी उंच डोकं करायचं तर २२ येतात, २५ सोडायचे. तिन्हीत सोडलेला भाग जाडीच्या दुपटीच्या आसपास राहतो. अडीचपटीच्या वर गेलात की गज दबण्याऐवजी वाकतो, वाकलेल्यावर पुढचा घाव पडला की घडी पडते, आणि घडी आतून कधी जुळत नाही. वरून ठोकून गुळगुळीत केलेली घडी म्हणजे लपवलेली भेग.

कोळशाबद्दल. वणी-घुग्घुसकडचा दगडी कोळसा स्वस्त, पण त्यात राख फार. भट्टीच्या तोंडाशी चिकट खंगर जमतो, हवा अडते आणि गज एका अंगाने तापतो. एका अंगाने तापलेला गज त्याच अंगाला कलतो. दोन-चार बोल्टांनी खंगर आकड्याने काढत राहायचं. बाभळीचा लोणारी कोळसा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

टोकाचे ४५ मिमीच तापवायचे, ताप पिवळसर केशरी, १००० ते ११०० अंशांच्या आसपास. पांढरं होऊन फुलबाज्या उडाल्या म्हणजे लोखंड जळलं. तेवढा तुकडा कापून टाकायचा, हळहळ करायची नाही. मे महिन्यात उघड्यावर भट्टी लावणाऱ्यांना एक सांगणं: आपल्याकडच्या उन्हात केशरी रंग मंद दिसतो आणि माणूस गज जास्त तापवत जातो. भट्टीवर छप्पर किंवा निदान ताडपत्री हवी. ती डोक्याच्या आरामासाठी नाही, रंग ओळखण्यासाठी. ताप गजात जास्त मागे गेला असेल तर जबड्यात घालण्याआधी मागच्या भागावर तांब्याने पाणी सोडायचं, तो ताठ राहतो. हे साध्या एमएस (माइल्ड स्टील) गजालाच. कमानपट्टीवर असं केलं तर ती तडकेल.

गज जबड्यात, टोक टेक्यावर, पाचर ठोकली, आणि पहिले दोन-तीन घाव हलके, अगदी वरून सरळ. डोकं मधोमध राहणार की नाही हे इथेच ठरतं. गजाचं टोक काटकोनात कापलेलं नसेल तर पहिलाच घाव तिरका जातो. टोक कलंडलं दिसलं की थांबायचं, काढायचं, ऐरणीवर सरळ करायचं, पुन्हा तापवायचं. पुढच्या घावात सरळ होईल म्हणून मारत सुटणाऱ्याने किती गज वाया घालवलेत ते भंगाराच्या ढिगात दिसतं. टोक फुगलं की मग जोर. १२ मिमीला किलोभराचा हातोडा पुरतो आणि एका तापात काम होतं. १६ ला दोन-तीन किलोचा घण आणि दोन ताप. रंग गडद लाल झाला की हात थांबवायचा.

दुसऱ्या तापात बोल्ट काढून डोक्याच्या चार बाजू ऐरणीवर, पाव फेरा फिरवत. षटकोन करायचा तर १२० अंशांच्या खाचेत. मग पुन्हा जबड्यात घालून वरून एक-दोन घाव, म्हणजे खालची बाजू सपाट बसते. हा शेवटचा फेरा पुष्कळ जण गाळतात आणि मग वायसर डुगडुगतो. सकाळचा पहिला बोल्ट थंड जबड्यांमुळे हमखास बिघडतो. एखादा तापलेला तुकडा आधी जबड्यात धरून ते कोमट करून घ्यायचे.

एका बाबतीत काकाजी, आमचं तुमच्याशी अजून जमत नाही. गज जबड्यात चिकटू नये म्हणून तुम्ही जळकं तेल लावता. त्याने धूर होतो आणि पोपडे तेलात मिसळून भोकात थर बसतो. आम्ही चाळलेली राख चोळतो आणि दर बोल्टाला तारेचा ब्रश मारतो. तुम्ही हसलात तरी चालेल, भोक आमचं स्वच्छ राहतं.

मानेच्या चौकोनाची युक्ती मात्र पूर्ण तुमची. जबड्यांच्या दुसऱ्या जोडीत भोकाच्या तोंडाशी १६ मिमी चौकोनी, ८ मिमी खोल खाच. घणाखाली लोखंड त्यात भरतं आणि डोक्याखाली चौकोनी मान तयार होते. त्यासाठी गज फक्त २ मिमी जास्त सोडावा लागतो. तेवढ्यात नट आवळताना डोकं दुसऱ्या पान्याने धरायची कटकट जाते.

आटे पाडण्याचं थोडक्यात. आधी पोपडे पूर्ण काढायचे, ते डायचे दात खातात. काळा गज पुष्कळदा १६ च्या थोडा वर भरतो. आट्यांपुरता भाग १५.८ पर्यंत घासून घ्यायचा. तेल सोडत राहायचं आणि एक फेरा पुढे, अर्धा मागे.

तुमच्या सांगण्यातल्या मनाईही लिहून ठेवतो. घरबांधणीतून उरलेला टीएमटी गज वापरू नये. त्याच्या बरगड्यांमुळे जबडे सारखे धरत नाहीत, आणि त्याची ताकद पाणी मारून कडक केलेल्या बाहेरच्या थरात असते. भट्टीत टोक तापलं की तिथला थर मऊ होतो, उरलेला डायखाली कापला जातो. जस्त चढवलेला गज किंवा पाइप भट्टीत घालू नये, त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री ताप भरतो. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा, आणि पाचरेच्या रेषेत कोणी उभं राहू नये. पाचरेचं ठोकून फुललेलं डोकं वेळेवर घासायचं, त्याच्या चिपा गोळीसारख्या उडतात.

आणि जे डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेले जास्त ताकदीचे बोल्ट आहेत, त्यांच्या जागी हा बोल्ट लावायचा नाही. साध्या एमएसचा १६ चा बोल्ट आट्यांपाशी सहा टनांच्या आसपास तुटतो, ८.८ चा त्याच्या दुप्पट ओढ घेतो. वखर, डवरा, बंडीचं लाकूड, फाटकाचं बिजागर इथे आपला बोल्ट. ट्रॉलीचा हूक, रोटाव्हेटर इथे दुकानाचाच. इथे तुम्ही हक्काचं गिऱ्हाईक परत पाठवता, हेही आम्ही पाहिलं आहे.

२० मिमीच्या जबड्यांसाठी ६० मिमी चौकोनी बार आणून ठेवला आहे, उंची ८० धरली आहे. पत्रा १ मिमीचाच ठेवायचा की सव्वाचा, तेवढं सांगा. तोवर भोक पाडत नाही.

आपले,
वणी तालुक्यातले बंडी-वखरवाले