यादी पाठव, आणि डॉक्टरांचा कागदही

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

कानाचा विषय काढणार नाही असं आईला सांगून लिहायला बसलोय. काम ग्रंथालयाचं आहे.

आपल्या समितीने यंदा नव्या माहितीपटांचं एक कपाट करायचं ठरवलंय. पुस्तकं नेतात तसेच सभासदांनी घरी न्यायचे, आठवड्याने परत आणायचे. खरेदीची यादी माझ्या गळ्यात पडली. मी खजिनदार म्हणून नव्हे, 'तुमची बाय त्याच लायनीत आहे ना' म्हणून. बैठकीत सगळ्यांसमोर हे निघालं तेव्हा मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. तोंडावरचा आनंद दिसला असता तर बापूंनी वर्षभर चिडवलं असतं.

विरोध बापूंचाच. त्यांच्या लेखी माहितीपट म्हणजे पिक्चरच्या आधी दाखवायचे ते. धरणं, पिकं, कुटुंबनियोजन. तेवढ्यात माणसं बाहेर जाऊन विडी ओढून यायची. खोटं नाही. १९४८ साली सुरू झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनची ती रिळं मीही पाहिलीत, आणि २०२२ मध्ये ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाल्याचं वाचून, का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. पण आता तसं राहिलेलं नाही हे बापूंना सांगणार कसं? मी त्यांना चवथीच्या सणात तू लॅपटॉपवर दाखवलेल्या 'ऑल दॅट ब्रीद्स'ची गोष्ट सांगितली. दिल्लीतले दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, बाहेर हवा अशी की घारी आकाशातून खाली पडतात. शौनक सेन यांच्या या चित्रपटाला २०२२ मध्ये सनडान्सच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं आणि फ्रान्समधल्या कानलाही. (कानला. असो.) बापू म्हणाले, घारींवर दीड तास? मी म्हटलं, तुम्ही आधी घेऊन जा, मग बोला.

खरी अडचण वेगळीच निघाली. नवे माहितीपट बरेचदा विकतच मिळत नाहीत. 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं, तो सगळ्यांना हवाय, पण तो नेटफ्लिक्सवर. ती वर्गणी ज्याची त्याच्या घरापुरती, ग्रंथालयाने उसनी कशी द्यायची? वकिलांना विचारलं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. रीतसर घेतलेली प्रत नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने वाचकाला नेऊ दिली तर ते व्यावसायिक भाड्याने देणं धरत नाहीत. म्हणजे आपलं कपाट कायद्यात बसतं, फक्त प्रत रीतसर हवी. आणि हॉलमध्ये पडदा लावून गावाला दाखवायचं तर वेगळी परवानगी. म्हणून तुझ्याकडे काम हे, की या दिग्दर्शकांना थेट लिहून ग्रंथालयासाठी प्रत देतात का ते विचार. आम्ही लिहिलं तर डिचोली तालुक्यातलं हे कुठलं वाचनालय म्हणून कोण लक्ष देणार? पणजीचं पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासूनचं. आपण दोन खोल्यांचे.

'नॉक्टर्न्स' यादीत पहिला घाल. अरुणाचलच्या जंगलात रात्री पांढरा पडदा टांगून त्यावर उजेड सोडतात आणि पतंग येऊन बसतात, ते मोजतात. बस, एवढंच. पण त्यातला आवाज! पडद्यावर फडफडणारे शेकडो पंख, मागे पाऊस, त्याच्याही मागे रात्र. तू बाजूला बसून म्हणालीस, 'बाबा, चित्र बघू नका, डोळे मिटून ऐका.' मी मिटले. आणि मला वाटत राहिलं, हे सगळं टिपायला माझी मुलगी उद्या अशाच जंगलात बूम माइक धरून उभी राहणार, ती कुठल्या कानाने ऐकणार?

झालं. निघालाच विषय.

काल आईने फोन केला तो तुझ्या शूटिंगच्या युनिटमधल्या मुलीने उचलला. 'ती झोपलीय, कान दुखतोय म्हणून गोळी घेतलीय,' एवढंच म्हणाली बिचारी, तिच्यावर चिडू नकोस. डावा का? तिला विचारायचं आईला सुचलं नाही आणि मला रात्रभर तेच सुचत राहिलं. तुम्ही तवांगला सेला खिंडीतून गेलात. चार हजार मीटरच्या वर आहे ती. सर्दी असताना एवढं चढलं-उतरलं की कानातला दाब लवकर सारखा होत नाही, हे बांबोळीच्या डॉक्टरांनी आपल्याला ऑपरेशननंतर सांगितलं होतं. तुझ्या लक्षात असेल. दहावीचं वर्ष होतं ते, तू कानाला पट्टी बांधून भूमितीचा पेपर दिलास.

त्याच्याही आधीचं तुला आठवत नसेल. कान वाहायचा म्हणून पाण्यात उतरायची बंदी. मामाकडे गेलं की बाकीची मुलं वाळवंटी नदीत उड्या मारायची आणि तू काठावर, कानात तेलाचा कापूस. रडली नाहीस कधी. नदीकडे पाठ करून बसायचीस आणि नुसत्या आवाजावरून सांगायचीस, हा दादू, हा बाबलो, ही तायमावशीची धाकटी. एकदाही चुकत नव्हतीस. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ, कांसाळे ही वाद्यं दणाणली की बाकीची पोरं आत पळायची आणि तू घुमटवाल्याच्या मांडीला टेकून बसायचीस. आई ओढून न्यायची, परत येऊन बसायचीस. पुढे बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मी आणला आणि तू ध्वनिमुद्रण शिकायला गेलीस, तेव्हा घरात जे झालं ते झालं. पण अख्ख्या घरात आश्चर्य न वाटलेली एकटी आजीच होती.

हेडफोनचा आवाज किती ठेवतेस? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, एवढी मर्यादा सांगितलीय. तुमचे दिवस चौदा-चौदा तासांचे. रात्री शूटिंग संपलं की तरी हेडफोन काढून ठेव, गाणी ऐकत झोपू नकोस, सर्दीवर नुसती गोळी घेऊन पुन्हा थंडीत उभी राहू नकोस, आणि 'मी नाही तर सगळं युनिट अडेल' असलं काही... बरं, पुरे. व्याख्यान झालं. तू शिकलेली आहेस, डेसिबल मी तुला सांगावेत हे हसण्यासारखंच. राग मानू नकोस. हस.

यादीकडे येतो. 'रायटिंग विथ फायर' घेऊच. उत्तर प्रदेशात दलित बायका 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र चालवतात, आपल्या शाळेतल्या मुलींनी नेला पाहिजे. सर्वनीक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड'ही. मुंबईचे दोन कोळी मित्र, एक किनाऱ्याजवळ जुन्या रीतीने मासे पकडणारा, दुसरा एलईडी लावून खोल समुद्रात जाणारा. मराठीत बोलतात, सबटायटलची कटकट नाही. २०१७ पासून एलईडी मासेमारीवर बंदी आहे, तरी आपल्याकडे दरवर्षी त्यावरून भांडण पेटतंच. आपण डोंगराकडची माणसं, नुस्तं ताटात येतं तेवढाच आपला संबंध, पण बाजारात भाव ऐकून कपाळाला हात लावणाऱ्यांनी एकदा बघावा. बापूंना हा आवडेल. एक मुलांसाठी सुचव, आणि एक म्हाताऱ्यांसाठी, ज्यात कोणी मरत नाही.

कान दाखवलास का? तवांगला जिल्हा रुग्णालय असणारच. कानाचे डॉक्टर तिथे नसतील तर गुवाहाटीला उतरल्यावर आधी तेच, मग विमान. दुखऱ्या कानाने विमानात बसायचं नाही; लागलं तर ट्रेनने ये, दोन दिवस जास्त लागू देत. तुझ्या निर्मात्यांना मी काही सांगणार नाही, तूच सांग. डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो आईच्या फोनवर पाठव. माझ्यावर पाठवलास तर मी दिवसभर तो मोठा करून अक्षर लावत बसेन.

समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे, त्याआधी यादी हवी. प्रत्येकासमोर किंमत लिही आणि परवानगी नुसती घरी नेण्याची की हॉलमध्ये दाखवण्याचीही, तेही. पैसे समिती देईल. मागच्या वेळी प्रोजेक्टरच्या दुरुस्तीचे तू परस्पर भरलेस ते मला कळलंय, दुकानदाराने पावती माझ्याच नावाने दिली. ते तुझ्या खात्यात जमा करतोय, नको म्हणू नकोस.

तुझे बाबा